तीन नंबरचे सात कागद

"पत्र मिळालं?"

फोन कानाला लावला की हल्ली पहिला प्रश्न हाच. जेवलात का, झोप लागते का, हे सगळं नंतर.

"बघू म्हणालेत."

"दोन महिने बघतायत. डोळ्यांना काही झालंय का त्यांच्या? इकडे जुळी मान धरायला लागली आणि आजोबांचा अजून पत्ता नाही."

"अगं, सोडत नाहीत तर काय पळून येऊ?"

"का नाही सोडणार? वीस वर्षं ताटावर बसून तुम्हीच सांगत होतात ना मला, मी एक दिवस नसलो तर कारखाना ठप्प! आता बसा त्या ठप्प कारखान्याला कवटाळून."

तळघरकाकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. बायकोचा टोला एकाच कानानं ऐकणं जड जातं.

"माझं म्हणजे पुढून बंद केलेल्या पंपासारखं झालंय," ते म्हणाले. "मागून ढकलणं चालू, पुढे दार बंद."

"मग एक रिलीफ व्हॉल्व बसवून घ्या," बायको म्हणाली आणि फोन ठेवला. सव्वीस वर्षं फिटरचा संसार केलेली बाई. सुटकेची झडप म्हणजे काय, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

गोळ्या आणि जॅम करणाऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या तळघरात काका पंप सांभाळत. जिन्याच्या सोळा पायऱ्या उतरल्या की एक बसकी खोली. खिडकी नाही, भिंतीला नेहमी कोमट ओल, जमिनीवर साखरेचा असा चिकट थर की चालताना बूट चपचप बोलत. त्या खोलीत चार पंप. गोळ्यांसाठी केलेला गरम, दाट पाक खालच्या टाकीतून उचलून तिसऱ्या मजल्यावर पोचवायचा, एवढंच त्यांचं काम. ते थांबले की वरचे दीडशे हात थांबत.

लेकीच्या गावातल्या तंत्रशाळेनं काकांना पंप शिकवायला बोलावलं होतं. वर्ग दुसऱ्या मजल्यावर, तीन बाजूंनी खिडक्या. पण एक तारखेला हजर व्हायचं आणि येताना कारखान्याचं कार्यमुक्तीचं पत्र आणायचं. ते नसेल, तर जागा दुसऱ्याला. बायको बाळंतपणाला म्हणून लेकीकडे गेली ती तिथेच राहिली. घरातलं सामान अर्धं बांधलेलं. काका गेले दोन महिने एका खोक्यावर बसून दुसऱ्या खोक्यावर जेवत होते.

आणि पत्र का मिळत नव्हतं? तर सात कागदांमुळे. म्हणजे सगळे धरून चोवीस, पण खरा घोळ सातांचा.

हे समजायला आधी पंप समजायला हवा. कुणी पाहुणा तळघरात आला की काका दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवत. "ही दोन दातेरी चाकं. एकमेकांत गुंतून फिरतात. आता सांगा, पाक कुठून जातो?" शंभरातले नव्वद म्हणत, मधून. "मधून काय जाणार? मध्ये दातात दात! पाक कडेनं जातो. दात आणि बाहेरची भिंत यांच्यामध्ये कोंडला जातो आणि तसाच कोंडलेला फिरत फिरत पुढे जातो. मागे फिरायची सोय नाही. हा पंप घेईल तेवढं पुढे टाकणारच. समोर दार बंद असलं तरी टाकणार. मग एक तर पाइप फुटेल, नाही तर मोटर जळेल." पाहुणा पाइपाकडे बघत हळूच मागे सरके. काकांना ते आवडायचं.

चाकांच्या तोंडावर लोखंडी झाकण असतं. चाक आणि झाकण यांच्यात केसाएवढी फट लागते. फट जास्त झाली, तर पाक तिथूनच मागे सुटतो, पंप नुसता फिरत राहतो. कमी झाली, तर गरम पाकानं चाकं फुगतात, झाकणाला घासतात आणि जाम होतात. ही फट राखायला झाकणाखाली पातळ पट्ट्या घालतात.

काका नवे असताना एकदा पट्ट्या संपल्या होत्या आणि पंप झिजलेले होते. तिशीतल्या माणसाची खुमखुमी! त्यांनी पंपाची तोंडं काचेवर घासून सपाट केली आणि पॅकिंग खात्यातून गोळ्या गुंडाळायच्या कागदाचा एक अख्खा रोल आणून त्याचेच तुकडे झाकणाखाली घातले. पंप असे चालले की जुने साहेब स्वतः सोळा पायऱ्या उतरून पाठ थोपटून गेले. मग दर वर्षी घासणं आलं, दर वर्षी त्याच रोलमधून कागद बदलणं आलं. एक नंबरला चार, दोनला पाच, चारला आठ आणि तीनला सात. घासून घासून प्रत्येकाचं माप वेगळं झालं, बाजारातली तयार पट्टी आता कुठल्याच पंपाला चालेना. आकडे काकांच्या डोक्यात. लिहून ठेवा म्हणून सांगणारं कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काकांनाही ते लिहायचे नव्हते. डोक्यात होते तोवर रुबाब होता.

त्या रुबाबाचंच आता कुलूप झालं होतं.

"माझा नाइलाज आहे, काका," मॅनेजरसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले. माणूस वाईट नव्हता. घाबरट होता. "तुम्ही गेलात आणि पंप बसला, तर वरच्यांना मी काय सांगणार?"

"मी दुसऱ्याला शिकवतो."

"शिकवा. मग पंधरा दिवस तुम्ही वर बसा. तुमचा हात नाही, तुमचं तोंड नाही. पंधरा दिवस पंप चालले की सोळाव्या दिवशी सही. मध्ये एकदा जरी तुम्ही नाक खुपसलंत, तर मोजणी पुन्हा एकपासून."

काकांनी मनात तारखा मोजल्या. एकदाच जमणार होतं. पुन्हा एकपासून म्हणजे एक तारीख गेली, शाळा गेली.

शिकायला आली ती जॅम खात्यातली फिटर. तिशीची, बाह्या कोपरापर्यंत वर, तोंड सुटलेलं. तिच्याकडच्या पंपांत दातेरी चाकांऐवजी तीन पाकळ्यांचे फिरते तुकडे असत, म्हणून सगळे तिला पाकळीताई म्हणत.

"अय्या, किती कलकलाट!" हे तिचं तळघरातलं पहिलं वाक्य. "काका, तुमचे पंप भांडतायत की काय?"

"कामाचा आवाज आहे तो. तुमच्या पाकळ्या लाजऱ्या. एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत."

"शिवायचंच नसतं! त्यांना फिरवणारी चाकं बाहेर, वेगळ्या पेटीत. आत नुसत्या पाकळ्या, मध्ये फट. म्हणून अख्खी चेरी आत जाते आणि अख्खी बाहेर येते. तुमच्या दातांतून घाला बघू चेरी."

"चेरीची चटणी होईल."

"मग?"

"मग काय? पाकात चेरी नसते. तुझ्या पाकळ्यांना फळाचा पातळ रस दे. फटीतून निम्मा मागे पळेल. आणि त्यांना तिसऱ्या मजल्यावर दाट पाक ढकलायला सांग, म्हणजे कळेल लाजऱ्यांना. शिवाय एकाच्या पैशात माझे तीन येतात."

"तेलाच्या कोठारात तो पात्यांचा पंप आहे, तो कसा वाटतो तुम्हाला?"

काका जरा थांबले. त्या पंपाबद्दल त्यांना आदर होता. "तो शहाणा. गोल दांड्याला खाचा, खाचांत सुटी पाती. पातं झिजलं की आपणहून खाचेतून थोडं पुढे सरकतं. फट होऊच देत नाही. दहा वर्षं कुणी बघायला नको. फक्त दाट, चिकट पाक दिला, की पाती खाचेत चिकटून बसतात. मग संपलं."

"म्हणजे ज्याचं काम त्याला."

"आता कसं बोललीस."

पाकळीताईची एक खोड होती. पंप उघडला की निघालेला प्रत्येक तुकडा, अगदी फाटका वॉशरसुद्धा, ती एका ट्रेमध्ये निघाला त्या क्रमानं मांडून ठेवायची. काकांना हसू यायचं. "अगं, कचरा तो, टाक!" ती म्हणायची, "कचरा शेवटी टाकायचा, काका. आधी नाही." शिकवून झाल्यावर, वर बसायला जाताना काकांनी तिला एक वही दिली. त्यात सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आकडे लिहिले. *तीन नंबर – सात कागद.* काकांचा तो जुना रोल नेमका शिकवताना, एक नंबरच्या दुरुस्तीत संपला होता. ते म्हणाले, "कागद लागले तर पॅकिंगमधून घे. तिथलेच आहेत."

पंधरा दिवसांसाठी काकांना पॅकिंग खात्याच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं. समोर खोक्यांवर डकवायच्या चिठ्ठ्या, हातात तारखेचा शिक्का. खिडकी होती. पण पहिले तीन दिवस काकांनी खिडकीकडे पाहिलंच नाही. त्यांचं सगळं लक्ष टाचांत. जमीन थरथरायची आणि त्यांना चारही पंप वेगवेगळे कळायचे. एक घोरतो, दोन गुणगुणतो, चार अधूनमधून उचकी देतो, आणि तीन, तीनचा आवाज जरा चिरका.

"काका, तीन नंबर कसाय आज?" पॅकिंगमधल्या मावशी रोज विचारायच्या. सगळ्यांत म्हाताऱ्या, सगळ्यांत आगाऊ.

"कुरकुरतोय."

"सासरी पाठवलेली पोर आहे की पंप? घ्या, गोळी खा." आणि टेबलावर एक संत्र्याची गोळी ठेवायच्या. काका खायचे नाहीत. साखरेचा वास सव्वीस वर्षं नाकात बसलेला. गोळ्या नुसत्या शिक्क्याशेजारी रांगेत जमत होत्या.

नवव्या दिवशी, करायला काही नाही म्हणून, त्यांनी एक गोळी उचलली आणि तिचा कागद बोटांत धरून चोळला.

बोटं जागच्या जागी थांबली.

त्यांनी दुसरी उचलली. तिसरी. मग उठून मशीनपाशी गेले आणि रोलचं टोक चिमटीत धरलं.

"मावशी, हा कागद..."

"काय झालं? चिकटतोय का?"

"हा मेणकागद नाही."

"मेणकागद!" मावशींनी गालाला हात लावला. "तो बंद होऊन बारा-तेरा वर्षं झाली, काका. आता हा चकचकीत. पातळ, पण फाटत नाही. तुम्ही कुठे होतात?"

काका खाली होते.

ते खुर्चीत बसले. बोटांनी हिशेब करून टाकला होता: जुन्या सातांच्या जागी या कागदाचे तेरा लागतील. आणि वहीत स्वतःच्या हातानं त्यांनी सात लिहिले होते. शिवाय "तिथलेच आहेत" असंही सांगून ठेवलं होतं. सातच घातले, तर थंड असताना चाकं छान फिरतील. गरम पाक आला की पाच मिनिटांत झाकणाला धरतील, जाम होतील, दात तुटतील. अजून सहा दिवस होते. सहा दिवस कुठलाच पंप उघडायची वेळ आली नाही, तर निभावलं.

नाही तर सांगायला हवं. संध्याकाळी ते फाटकापाशी थांबले. पाकळीताई डबा हलवत आली.

"अगं ऐक, ते वहीत जे..."

तिनं डबा काखेत मारला आणि दोन्ही कानांवर हात ठेवले. "पंपाबद्दल असेल तर नको!"

"एकच आकडा!"

"एक अक्षर नको, काका! साहेबांनी मला पण सांगितलंय. मला ही जागा कायमची हवीय. उद्या कुणी म्हणायला नको, काकांनी कानात सांगितलं म्हणून पास झाली. घरचं बोला. जुळ्यांचे फोटो दाखवा."

मागे पहारेकरी उभा होता आणि त्याचे कान साहेबांच्या कानांना जोडलेले होते. काकांनी मुकाट्यानं जुळ्यांचे फोटो दाखवले.

"नाक तुमच्यावर गेलंय," ती म्हणाली. "बिचारी."

अकराव्या दिवशी दुपारी टाचेला वेगळं लागलं. तीनचा चिरका आवाज एकाएकी खडबडला, जणू पाकाऐवजी कुणी खडे भरले. काकांनी शिक्का खाली ठेवला. हवा. कागद कुठे तरी फाटला होता आणि पंप पाकाबरोबर हवा ओढत होता. पंप उघडावा लागणार. कागद बदलावे लागणार.

खडखड थांबली. तिनं बंद केला होता.

साहेब जिन्याकडे धावताना दिसले. काकाही उठले. पहिल्या पायरीवर साहेबांनी वळून पाहिलं.

"येताय? या. पण लक्षात आहे ना?"

काकांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सोळा पायऱ्या उतरले.

पाकळीताईनं झाकण काढलं होतं. जुने कागद पाकात भिजून, दाबून एकमेकांना चिकटले होते, त्यांची एक तपकिरी वडी झाली होती. एका कोपऱ्याला फाटलेली. तिनं ती वडी ट्रेमध्ये क्रमानं ठेवली, पंपाचं तोंड पुसलं, वही उघडली.

"तीन नंबर, सात," तिनं मोठ्यानं वाचलं. मग चकचकीत कागद मोजून कापले. एक, दोन, तीन...

तेरा, काकांच्या जिभेवर होतं. तेरा. ओठ उघडले तर बाहेर पडेल म्हणून त्यांनी दात आवळले. बोललं, तर शाळा गेली. नाही बोललं, तर पंप गेला आणि पंपाबरोबर शाळाही गेली. पुढेही भिंत, मागेही भिंत, आणि मध्ये ते.

"किती वेळ?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. "वर कढई थांबलीय."

"अर्धा तास."

सात कागद बसले. झाकण बसलं. पहिला बोल्ट, दुसरा बोल्ट. तिनं दांडा हातानं फिरवून पाहिला. फिरला. फिरणारच, थंड होता.

"झालं की!" साहेब खूश झाले. "करा चालू."

पाकळीताई स्विचकडे गेली नाही. तिनं दांडा पुन्हा फिरवला. कान जवळ नेला. "जरा जड वाटतोय."

"फिरतोय ना?"

"फिरतोय. पण मघाशी काढताना जास्त मोकळा होता." तिनं मान वर करून काकांकडे पाहिलं. काका छताकडे बघत होते. छतावर ओलीचा एक डाग होता. सव्वीस वर्षांत त्यांनी तो इतका नीट कधी पाहिला नव्हता.

"काका, बरोबर आहे ना?"

"ते बोलणार नाहीत," साहेब म्हणाले.

"ठाऊक आहे. पण तुम्ही त्यांचा चेहरा बघा. दाढ दुखत असल्यासारखा का केलाय?"

"चेहऱ्यानंही बोलायचं नाही, काका!" साहेब ओरडले.

काका गर्रकन भिंतीकडे वळले. आता त्यांना फक्त ओली भिंत दिसत होती आणि मागचे आवाज ऐकू येत होते. पाना खाली ठेवल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही. साहेबांचे बूट, चपचप. मग ट्रे ओढल्याचा आवाज. गरम पाण्याचा नळ. ती वडी धूत होती.

"सात," ती पुटपुटली. "सातच आहेत. मोजले." मग बोल्ट सुटल्याचा आवाज. झाकण निघालं. "पण साहेब, बोट लावा. हे सात आणि हे सात. सारखे आहेत?"

"मला काय कळतंय?"

"थांबा, माप आणते."

जाडी मोजणाऱ्या मायक्रोमीटरची ती बारीक कट्कट् काकांनी भिंतीकडे तोंड करून ऐकली. त्यांच्या खिशात मायक्रोमीटर कधीच नव्हता. बोटं होती.

"जुने सात, पॉइंट बत्तीस मिलिमीटर. नवे सात, पॉइंट अठरा." ती हळू आवाजात हिशेब करत होती. "बारा... बारा घातले तर... दाबल्यावर बसतील थोडे... तेरा."

काकांच्या तोंडून श्वास सुटला. इतका मोठा की साहेब म्हणाले, "हा शब्द धरायचा का?"

"श्वास आहे, साहेब," पाकळीताई म्हणाली. "त्याला तरी सूट द्या."

तेरा कागद बसले. पंप चालू झाला. गरम पाक आला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खडखड नाही, घासणं नाही. ती झाकणावर हात ठेवून उभी होती. मग तिनं वही घेतली, "सात कागद" यावर सरळ एक रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: *फट राखायला जाडी ०.३२. कागद कुठलाही चालेल, मोजून घ्यावा.* मग तिनं एक, दोन आणि चार नंबरांपुढेही फुल्या मारल्या. "हे पण एकेक करून मोजून टाकते. बाजारातून त्या मापाची पट्टीच कापून घेऊ."

काकांनी वळून ती रेघ पाहिली. त्यांचं अक्षर अजून वाचता येत होतं.

"अजून चार दिवस," साहेब जिना चढता चढता म्हणाले. "पण आता काय, चालतील म्हणा."

काकांनी नुसती मान हलवली. तोंड अजून बंदच होतं. सवय झाली असावी.

वर येऊन ते टेबलाशी बसले. शिक्का हातात घेतला. पॅकिंगची मशिनं पुन्हा सुरू झाली होती, गोळ्या पुन्हा टपटपत होत्या.

"आला का परत जीव तुमच्या पोरीत?" मावशींनी विचारलं. "कसाय तीन नंबर?"

काकांनी टाचा जमिनीला टेकवल्या. डोळे मिटले. एक घोरत होता. दोन गुणगुणत होता, की तो तीन होता? चिरका आवाज कुठेच नव्हता. त्यांनी टाच जरा दाबून पाहिली. बूट काढून पाहिला.

"सांगता येत नाही," ते म्हणाले.

मावशींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. यावर चिडवायचं की नाही ते त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी रोजच्यासारखी एक गोळी टेबलावर ठेवली.

काकांनी ती सोलून तोंडात टाकली. कागद बोटांत चोळायला घेतला, थांबले आणि टेबलाखालच्या टोपलीत टाकून दिला. मग खुर्ची खिडकीकडे वळवून ते खोक्यांवर तारखा मारायला लागले.